मिनाकावाचा देव

"ह्यो माणूस मेला न्हाई," सुभेदार निकम म्हणाले.

ते भिंतीवरच्या फोटोसमोर उभे होते. टोपी काढून हातात धरलेली, मान थोडी पुढे. फोटोत लष्करी पोशाखातला एक तरुण होता. चौकोनी चेहरा, पातळ ओठ आणि डाव्या भुवईच्या मधोमध एक खाच. खाली पांढऱ्या शेवंतीची फुलं ठेवली होती.

मला वाटलं, माझ्या सांगण्यात काही गोंधळ झाला. मी पुन्हा म्हणाले, "सुभेदारसाहेब, हे लेफ्टनंट होसोया. मणिपूरच्या लढाईत गेले. हे देवस्थान त्यांचंच आहे. मघाशी आपण ज्यांच्यापुढे हात जोडले ना, ते हेच."

"त्ये समजलं मला. पन ह्यो त्या डोंगरावर मेला न्हाई. म्या त्याला खाली आनला. जित्ता."

आमच्यापासून दोन हातांवर पुजारी ओनो उभे होते, आणि त्यांच्या शेजारी लेफ्टनंट होसोयांची बायको.

चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. मी पुण्यात जपानी शिकून शिष्यवृत्तीवर तोक्योला गेले होते आणि जमेल तेव्हा दुभाष्याचं काम करत होते. मणिपूरच्या डोंगरांत एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन्हीकडच्या म्हाताऱ्या सैनिकांनी एकदा भेटावं, असं तिथल्या माजी सैनिकांच्या एका मंडळानं ठरवलं होतं. आपल्याकडून पाच जण आले. चौघांचं इंग्रजीवर भागत होतं. कोरेगावकडच्या बाळाजी निकमांना मराठी आणि पलटणीतली हिंदी, एवढंच येत होतं. म्हणून मी त्यांच्याबरोबर.

पहिल्याच दिवशी आम्हाला तोक्योतलं एका दर्यासारंगाचं देवस्थान दाखवलं होतं. समोर एक लग्न चाललं होतं, आणि झाडाखाली परीक्षेत पास कर म्हणून मुलांनी लाकडी पाट्या टांगल्या होत्या. लढाई जिंकलेल्या माणसाला देव करतात हे निकमांना कसं समजावावं, याच्या विचारात मी होते. त्यांना ते समजावावं लागलं नाही.

"आमच्या शिवंवर वीरगळ हाय," ते म्हणाले. "कोन व्हता, कुठल्या लढाईत पडला, कुनाला ठावं न्हाई. पन लगीन झालं की नवरानवरी पयलं तिथं नारळ फोडत्यात. तसंच की ह्ये."

त्यानंतर प्रत्येक देवस्थानात ते चपला सारख्या करून, हात धुऊन, मनापासून पाया पडले. चौथ्या दिवशी आम्ही जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिनाकावा नावाच्या लहान गावात पोचलो. देवस्थान टेकडीवर होतं. बाकीचे पाहुणे पायथ्याशी चहाला थांबले. निकम म्हणाले, पायरीशी येऊन माघारी कसं जायचं, आणि आम्ही दोघं पुढे चढून आलो.

ओनोंनी आम्हाला सगळी हकिकत उभ्या उभ्या सांगितली होती. चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात होसोयांची तुकडी एका डोंगरावर वेढली गेली. दारूगोळा संपला. तेव्हा त्यांनी तलवार उपसून एकट्यानं चाल केली आणि ते शत्रूच्या खंदकात पडले. निसटून परत आलेल्या दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांना युद्धदेव म्हणून गौरवलं गेलं, त्याच शरद ऋतूत गावानं या टेकडीवर हे देवस्थान बांधलं. गावातली मुलं लढाईवर जाताना इथे येऊन जात. हे सगळं मी मराठीत सांगत होते, निकम मान डोलावत होते, आणि मग आम्ही फोटोच्या खोलीत आलो होतो.

"काय म्हणतायत पाहुणे?" ओनोंनी विचारलं.

मी म्हणाले, "ते म्हणतात, हा चेहरा ओळखीचा वाटतो."

ओनोंचा चेहरा उजळला. "साहजिक आहे. पाहुणेही त्याच भागात लढले ना? शत्रूनंसुद्धा ते शौर्य पाहिलं असणार."

मी निकमांकडे वळून हळू आवाजात विचारलं, "नक्की? इतक्या वर्षांनी?"

"त्या भुवईवरचं रगात म्या सोता पुसलंय. आठ-धा दिस त्याच्या उशाला बसून व्हतो मी." मग त्यांनी त्या बाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "ही त्याची बायकू म्हनं ना? रंडकी म्हनून जगली व्हय गं ही सारा जल्म?"

होसोयाबाई साठीच्या पुढच्या होत्या. राखाडी किमोनो, पांढरे केस घट्ट मागे बांधलेले. गावात त्यांना देवाची बायको म्हणत. वाटेत भेटलेली शाळकरी मुलंसुद्धा त्यांच्यापुढे कमरेत वाकली होती. त्या आमच्या तोंडांकडे बघत होत्या. मराठी त्यांना कळणं शक्य नव्हतं. पण निकमांचं बोट फोटोतल्या भुवईवर टेकलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"ओनो-सान," त्या म्हणाल्या, "खालची मंडळी आता वर येतील. त्यांच्या प्रसादाची तयारी करायला हवी. मी या दोघांना घरी चहा देते."

देवस्थानाच्या मागेच त्यांचं घर होतं. त्यांनी आम्हाला चटईवर बसवलं, चहा ओतला, दार सरकवून बंद केलं. मग माझ्याकडे न बघता निकमांकडे बघत म्हणाल्या, "त्यांना काय सांगायचं आहे ते सगळं सांगा. काही गाळू नका."

मी निकमांना तसं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पोरी, सांगू का नगं?"

"मला नाही कळत, सुभेदारसाहेब."

"खोटं बोलून तिच्या घरातला चा प्याचा व्हय? सांग. जसं बोलतो तसं सांग."

आणि ते बोलू लागले. मी वाक्यामागून वाक्य जपानीत करत गेले.

"सकाळच्या पारी आमी त्यांच्या खंदकात उतारलो. समदी मेल्याली. ह्यो एकटा धुगधुगी धरून व्हता. साहेबानं सांगितल्यालं, एक तरी जित्ता पायजे. म्या पाठीवर घ्येतला त्याला. माझ्या गावचा मारुती शेलार माझ्या म्हागं बंदूक घिऊन. वढ्याजवळ वरनं गोळी आली. ती मारुतीला लागली. जागच्या जागी ग्येला. म्या तसाच खाली आलो. ह्यो बरा झाला. नाव इचारलं तर रोज निराळं सांगायचा. मंग त्याला गाडीत घालून म्हागं छावणीत न्हेला. म्या सोता चढवला गाडीत. चालत चढला त्यो."

मी शेवटचं वाक्य जपानीत सांगितलं, "तुमचे यजमान स्वतः चालत गाडीत चढले," आणि थांबले. मला वाटत होतं, आता ही बाई कोसळेल. किंवा आम्हाला बाहेर काढेल.

"हो," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

मी ते मराठीत सांगायचं विसरले. निकमांनी दोनदा विचारलं, काय म्हनली, काय म्हनली, तेव्हा सांगितलं. त्यांना वाटलं मी चुकतेय.

"त्यानं खोटं नाव सांगितलं असणार, हे त्याला पाहताच मला कळलं," होसोयाबाई म्हणाल्या. "कैदी झाल्याची बातमी इथे पोचू नये म्हणून. आमच्याकडे तेव्हा कैद होणं मरणापेक्षा वाईट होतं. घरच्यांनाही ते भोगावं लागे."

"पाहताच म्हणजे? कधी?" मी विचारलं. दुभाष्यानं स्वतः प्रश्न विचारायचा नसतो. पण तो तोंडातून गेला.

"युद्ध संपल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात. तो घरी आला."

त्या अगदी सरळ बसल्या होत्या. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"संध्याकाळची जेवणं व्हायची होती. दाराशी उभा होता. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी कोट. मी ओळखलं. सासरे माझ्या मागे बसले होते, त्यांनीही ओळखलं. त्यांनीच ही टेकडी देवस्थानाला दिली होती. ते म्हणाले, माझा मुलगा देवस्थानात आहे, आज सकाळीच मी त्याला नमस्कार करून आलो. तुम्ही घर चुकलात."

निकम माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगत होते, पण माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"तो माझ्याकडे बघत होता. मी दार लावलं. ही दारं फार हलकी असतात. एका बोटानं सरकतात."

बाहेर कुणीतरी झाडलोट करत होतं. खराट्याचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्ही मला वाईट म्हणाल," त्या म्हणाल्या. "म्हणा. पण या गावातली कितीतरी मुलं इथे डोकं टेकवून गेली आणि परत आली नाहीत. त्यांच्या आया माझ्याकडे यायच्या. माझे हात धरायच्या. म्हणायच्या, आमचाही तुमच्या यजमानांसारखाच गेला, त्यातच समाधान. त्या बायकांना मी काय सांगणार होते? की माझा परत आला? माझा खोटं नाव सांगून जगला?"

निकमांनी विचारलं, "मंग कुठं ग्येला त्यो?"

"उत्तरेकडे. कोळशाच्या खाणीत कामाला लागला, असं पुढे कळलं. तिसऱ्या वर्षी देवाच्या उत्सवाला आला. मी प्रसादाची साके वाटत होते. बघते तर रांगेत उभा. मी प्याला भरला आणि सगळ्यांना म्हणते तेच म्हणाले, लांबून दर्शनाला आलात, आभारी आहोत. त्यानं मान लववून प्याला घेतला. मग तो दर वर्षी यायचा. नाणं टाकायचा, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवायचा, स्वतःच्याच नावापुढे वाकायचा. माझ्या हातून साके घ्यायचा आणि निघून जायचा. यापलीकडे आम्ही कधी बोललो नाही."

"गावात कुणी ओळखलं नाही?"

"काहींनी ओळखलं असणार. कुणी बोललं नाही."

"आता?"

"सहा वर्षं झाली, आला नाही."

"गेले?"

"मला कोण कळवणार?" त्या म्हणाल्या. "देव एकदा मेलेला असतो. तो दुसऱ्यांदा मेला तर खबर कुणाला द्यायची असते?"

हे मराठीत सांगून झालं आणि निकम उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"चल पोरी."

"सुभेदारसाहेब, बसा जरा."

"काय बसा? माझा मारुती ग्येला ह्याच्यापायी. एका ताटात जेवल्यालो आमी. त्याच्या आयशीला म्या तोंड कसं दाखवलं माझं मला ठावं. तवा मनाला म्हनायचो, मारुती ग्येला पन एक जीव तर वाचला, कुनाच्या तरी घरला त्यो माघारी ग्येला आसंल. चाळीस वरसं म्हनत आलो. आन् हिनं दार लावलं. सांग तिला. समदं सांग."

मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

होसोयाबाईंनी दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ हातांना लावलं. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "ते जे वाटेत गेले, त्यांचं नाव काय म्हणालात?"

"मारुती शेलार."

"मारुति शेरारु," त्यांनी म्हणून पाहिलं. "त्यांचं देवस्थान कुठे आहे?"

निकमांना मी विचारलं. ते म्हणाले, "न्हाई. त्याचं कुठं काय न्हाई." आणि उभ्याचे खाली बसले. राग गेला नव्हता.

चहा निवून गेला होता. होसोयाबाईंनी तो काढून घेतला, नवा ओतला. मग खाली बघत, पहिल्यांदाच जरा अडखळत त्यांनी विचारलं, "तुमच्याजवळ होता तेव्हा तो काही बोलला का? काहीही."

"भाषा कुठं येत व्हती आमाला," निकम म्हणाले. "पयले दोन-तीन दिस गळ्यावरनं हात फिरवून दाखवायचा. मारून टाका म्हनून. मंग ताप चढला. त्या तापात एकच सारखं बोलायचा. आमची पोरं हसायची, म्हनायची, ह्याला कैरी पायजे, आंबट खावंसं वाटतंय. म्हनून ध्यानात ऱ्हायलं. कायरीताई. कायरीताई, कायरीताई, आसं दिसभर."

मला जपानीत काही करावं लागलं नाही. होसोयाबाईंच्या हातातली किटली चटईवर कलंडली. गरम पाणी त्यांच्या किमोनोखाली पसरत गेलं. त्या हलल्या नाहीत.

"काय झालं?" निकम घाबरून म्हणाले. "वंगाळ हाय का काय ते? म्या म्हनायचो, मारून टाका म्हनत आसंल. रोज इनवनी करतोय आन् आपन आयकंना. त्याचं वाईट वाटायचं मला."

"सुभेदारसाहेब," मी म्हणाले. "काएरिताई. त्याचा अर्थ, घरी जायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे, मग परत माझ्याकडे.

"मारून टाका न्हवं?"

"नाही. घरी जायचंय."

निकमांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. मी किटली उचलून सरळ केली.

"मी मघाशी एक सांगितलं नाही," होसोयाबाई म्हणाल्या. त्या आता माझ्याशीच बोलत होत्या. "तुम्ही इथे राहता, तुम्हाला माहीत असेल. माणूस बाहेरून घरी आला की काय म्हणतो?"

माहीत होतं. जपानी शिकताना पहिल्या आठवड्यात शिकवतात. आपण उंबऱ्यातून आलो गं म्हणतो, तसं ते म्हणतात तादाइमा. आणि आतलं माणूस, चुलीपाशी असो की अंथरुणात, तिथून उत्तर देतं, ओकाएरी. आलास का, ये. ते उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, लहान मुलंसुद्धा खेळता खेळता देतात.

"तो दाराशी उभा राहून एवढंच म्हणाला. तादाइमा. दुसरं काही नाही. मी रागावलेय का, सासरे काय म्हणतील, काही नाही. आणि माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. बाई, ते आपोआप येतं. मी ते गिळलं."

मी हे निकमांना सांगत होते तोवर बाहेरून ओनोंची हाक आली. मंडळी वर पोचली होती, प्रसाद द्यायचा होता. होसोयाबाई उठल्या, आत जाऊन किमोनो बदलून आल्या. बाहेर आल्या त्या पुन्हा देवाची बायको होऊन.

देवस्थानापुढच्या चौकात सगळे रांगेनं उभे होते, आपले चौघे आणि तिकडचे सात-आठ म्हातारे. ओनोंनी मंत्र म्हटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाकून नमस्कार केला. निकम माझ्या शेजारी ताठ उभे होते. त्यांचे हात या वेळी जोडले गेले नाहीत.

होसोयाबाई लाल चपटे प्याले आणि साकेचं भांडं घेऊन रांगेतून येऊ लागल्या. प्रत्येकापुढे थांबत, प्याला भरत, दोन्ही हातांनी देत आणि तेच शब्द म्हणत. लांबून दर्शनाला आलात, आभारी आहोत. एक. दुसरा. तिसरा. मग निकम.

त्यांनी प्याला भरला. दोन्ही हातांनी पुढे केला. मान वर करून त्यांनी निकमांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

"ओकाएरिनासाई," त्या म्हणाल्या.

मोठ्यानं नाही. आतल्या खोलीतून घरातल्या माणसाला म्हणावं तशा आवाजात. पण रांगेतल्या सगळ्या जपानी म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. ओनो पुढे झुकले आणि हलक्या आवाजात त्यांनी बाईंना नेहमीचे शब्द सुचवले. बाईंनी ते म्हटले नाहीत. ओनो माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "वय झालं त्यांचं," ते म्हणाले.

"काय म्हनली?" निकमांनी विचारलं.

"आलास का, म्हणाल्या."

प्याला निकमांच्या हातात होता. त्यांनी साके पिऊन टाकली आणि रिकामा प्याला बाईंच्या हातात परत दिला.

"त्याला म्हनाया पायजे व्हतं, बाई," ते म्हणाले.

मी एक पाऊल पुढे जाऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ते जपानीत सांगितलं.

"हो," होसोयाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पुढच्या पाहुण्याचा प्याला भरला, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, लांबून दर्शनाला आलात, आभारी आहोत.